डाव्या पेडलची तार

१

तार तुटलेली नव्हती. तुटली असती तर टोकाला पोलादाचे धागे सुटून विस्कटले असते. ही तार अख्खी होती. टोकाचा फास उघडून ती तांब्याच्या छोट्या नळीतून सरळ सटकली होती, आणि नळी मात्र तारेवरच अडकून राहिली होती.

संघरत्ना गुडघ्यांवर बसून ती नळी बॅटरीच्या उजेडात बघत होती. म्हसा गावाच्या अलीकडे, माळावरच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये दुपारचा उकाडा कोंडला होता. दारं उघडायला तिच्या भावाने मनाई केली होती. उघडली की जत्रेसारखी माणसं जमतात, असं त्याचं म्हणणं. म्हशाची जत्रा तर कधीच उठून गेली होती, पण अपघात झाल्यापासून माळावरची वर्दळ थांबत नव्हती. शेडच्या मधोमध विमानाचा सांगाडा पडला होता. नाक चेपलेलं, डावा पंख दुमडलेला, आणि बसायच्या जागेवरच्या नळ्या आत वाकून पिंजऱ्यासारख्या झालेल्या. त्याच पिंजऱ्यात महेंद्रचे पाय अडकले होते.

"बघितलंस ना?" मागून इंद्रजीत म्हणाला. "ही नळी, स्लीव्ह, नीट दाबलेला नाय. मेघाने दाबला."

इंद्रजीतने अर्धं आयुष्य मुंबईच्या विमानतळावर दुसऱ्यांची विमानं दुरुस्त करण्यात घालवलं होतं. निवृत्त झाल्यावर त्याने शेणव्याच्या घराऐवजी हा माळ धरला आणि स्वतःचं विमान बांधायला घेतलं. दोन माणसांचं, छोटं. मुलगी मेघा त्याच्या हाताखाली शिकली. मुलगा महेंद्र ते चालवणार, हे इंद्रजीतने पहिली नळी कापायच्या आधीच ठरवलं होतं. उडायची परवानगी अजून आली नव्हती, म्हणून त्या सकाळी विमान फक्त जमिनीवर धावणार होतं. ते धावलं. वेग आला, ते डावीकडे ओढायला लागलं म्हणून महेंद्रने उजवं पेडल दाबलं, मग सरळ करायला जोरात डावं दाबलं, आणि डावं पेडल पायाखालून निघूनच गेलं. विमान उजवीकडे वळत नाल्याच्या बांधावर आदळलं.

संघरत्ना इंद्रजीतची धाकटी बहीण. सरकारी खात्यात लिफ्ट आणि क्रेन तपासायची. तारेला लटकलेली माणसं सुखरूप खाली यावीत, हेच तिचं रोजचं काम. म्हणूनच त्याने तिला बोलावलं होतं.

"संध्याकाळी हवालदार दवाखान्यात येणार आहे, जबाब घ्यायला," इंद्रजीत म्हणाला. "तू त्यांना सांग. तुझ्या शब्दाला वजन आहे. हयगय झाली, एवढंच. मुद्दाम नाय कुणी म्हणत."

"मेघाचं नाव जाईल त्यात."

"काम तिचं होतं, तर नाव तिचंच जाणार."

"तिला विमान दुरुस्तीच्या शिक्षणाला जागा मिळालीय, दादा. पुढच्या आठवड्यात हजर व्हायचंय. हयगयीची केस डोक्यावर असलेल्या मुलीला कोण घेईल तिथं?"

संघरत्नाने भिंतीवरच्या खिळ्यावरून गेज काढलं. पोलादाची साधी पट्टी, कडेला खाच असलेली. नळी पुरेशी दाबली असेल तर ती त्या खाचेत बसते, कमी दाबली असेल तर अडते. तिने आधी उजव्या पेडलच्या तारेची नळी घातली. अलगद बसली. शेपटाकडच्या दोन्ही नळ्या घातल्या. त्याही बसल्या. मग सटकलेल्या तारेवरची.

ती खाचेच्या तोंडाशीच अडली.

तिने पुन्हा एकदा चारही नळ्या पाहिल्या. तीन नळ्यांवर तारेपासून नळीवर आलेली लाल रंगाची बारीक रेघ होती. चौथीवर काहीच नव्हतं.

२

शेणव्याच्या घरी पुढचं दार बंद होतं. मागच्या दाराने संघरत्ना आत गेली. मेघा आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. खिडकी ओढून घेतलेली, पंखा बंद. तिच्या मोबाईलवर लोकांनी विमानाचा व्हिडिओ पाठवला होता, खाली काहीबाही लिहून, म्हणून तिने मोबाईल पालथा घालून ठेवला होता.

"पप्पांनी सांगितलंय बाहेर जाऊ नको," ती म्हणाली. "हवालदार बोलले, तालुका सोडू नको. मी कुठं जाणार, आत्या?"

"मी काय विचारते ते सांग. स्लीव्ह कसा दाबायचीस?"

मेघाने मान वर केली. तिच्याशी गेले काही दिवस सगळे बोलले होते, पण हे कुणी विचारलं नव्हतं.

"तार स्लीव्हमधून घालायची, थिंबलवरून फिरवून परत त्याच स्लीव्हमधून बाहेर काढायची. थिंबल म्हणजे ती फासाच्या आतली खोबण, तार घासू नये म्हणून. टोक जरा बाहेर राहू द्यायचं. दाबताना स्लीव्ह लांबतो ना, टोक आत गेलं तर पकड जाते. मग आधी मध्ये दाबायचं. नंतर फासाकडच्या बाजूला, शेवटी टोकाकडे. दर वेळी पकडीचे दांडे पार एकमेकांना टेकेपर्यंत. मला हाताने जमत नाय, म्हणून मी एक दांडा जमिनीवर ठेवून दुसऱ्यावर अंग टाकायची. मग गेज. मग चेन-पुलीला टांगून ताण द्यायचा. सगळं झालं की लाल नेलपॉलिशची रेघ. तार एक केसभर जरी सरकली तरी रेघ तुटलेली दिसते."

"रेघ कधी राहून गेली?"

"नाय. रेघ नसलेली तार मी विमानाला लावलीच नाय कधी."

"डाव्या पेडलच्या स्लीव्हवर रेघ नाही."

मेघा ताठ बसली. "मग तो माझा नाय."

"तुझे पप्पा म्हणतील, विसरलीस. आणखी काही सांग. डावी आणि उजवी तार सारख्याच मापाची होती?"

"एकाच मापाच्या कापलेल्या. दोन्ही टर्नबकल सारखेच फिरवलेले. आटे जवळजवळ आत गेले होते."

टर्नबकल म्हणजे तारेच्या मध्ये बसवलेलं पितळी कांडं. ते फिरवलं की तार ताणली जाते किंवा सैल होते. संघरत्नाने शेडमध्ये काढलेला फोटो मोबाईलवर मोठा करून मेघासमोर धरला. उजव्या टर्नबकलचे आटे दिसतही नव्हते. डाव्याचे दोन्ही बाजूंनी उघडे पडले होते.

"हे मी केलं नाय," मेघा हळूच म्हणाली. "एवढे आटे बाहेर ठेवायचेच नसतात."

"का ठेवले असतील?"

मेघाने विचार केला आणि तिचा चेहरा बदलला. "तार आखूड पडली म्हणून. कुणी तरी माझा फास कापून टाकला, आत्या. पुढं नवीन केला. त्यात तार कमी झाली, ती कांडं सैल करून भरून काढली."

"म्हणजे तू काम संपवल्यावर."

"पण त्यासाठी कळायला पायजे. शेपटाचं रडर सरळ ठेवून पेडल जुळवायचं, हे कुणा पण माणसाचं काम नाय." ती थांबली. मग एकदम तिच्या डोळ्यांत भीती आली. "आत्या, हे कळणारी या सगळ्यात तीनच माणसं आहेत. पप्पा, भाऊ आणि मी. भाऊ तर त्यातच बसला होता."

३

माळाला लागून देवजीचं शेत होतं. विमान धावण्याची पट्टी सपाट केली तेव्हा त्याची गुरं न्यायची वाट बंद झाली होती, आणि त्यावरून त्याचं इंद्रजीतशी जोरदार भांडण झालं होतं. गावात त्याच्याविषयी कुजबुज सुरू होती. तो बांधावर बसून कोयत्याला धार लावत होता.

"जय भीम, बाय," तो म्हणाला. "मला इचाराला आलीस काय? पोलीस पण इचारून गेलं."

"महेंद्रला तुम्हीच बाहेर काढलं ना?"

"काढला कुठं? पट्टं कापलं मी. या कोयत्यानं. पाय नळ्यांत आवळलेलं, मंग काय करणार? ट्रॅक्टर येईतवर तेचं डोकं मांडीवं घेऊन बसलो. वरून पेट्रोल ठिबकत व्हतं. मी बोललो, पोरा हलू नको. तो पण हलत नव्हता." देवजीने कोयता बाजूला ठेवला. "बैल खड्ड्यात पडला ना, तर वरडतो, पाय झाडतो. हा पोर गप. जसा तेला म्हायतीच व्हता का असा होनार."

"काही बोलला?"

"एकच बोलत व्हता. परीक्षा झाली व्हती ना? परीक्षा झाली व्हती ना? येवढाच. मला वाटला डोक्याला मार लागलाय. शाळंतली परीक्षा का काय."

शाळेतली नव्हे. इंद्रजीतचा नियम संघरत्नाला ठाऊक होता. विमान हलवायच्या आधी एकाने शेपटाचं रडर दोन्ही हातांनी घट्ट धरायचं आणि दुसऱ्याने आत बसून पेडल सगळ्या ताकदीने दाबायचं. रडर मोकळं असेल तर नुसतं वळतं, तारेला ताण येत नाही. धरलं की सगळा जोर तारेवर आणि स्लीव्हवर येतो. ही परीक्षा झाल्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाही.

"त्याने कुणाला विचारलं? तुम्हाला?"

"नाय गो. बापाला. बाप पुढंच उभा व्हता."

"मग दादा काय म्हणाला?"

देवजीने माळाकडे बघितलं. "कायच नाय बोलला. तोंड फिरवलान."

४

मनोजचं वेल्डिंगचं दुकान मुरबाडला स्टँडजवळ होतं. विमानाच्या सीटची चौकट आधी त्याने केली होती. इंद्रजीतने ती चार लोकांसमोर दगडावर आपटून दाखवली, जोड निखळला, आणि मनोजला काम सोडावं लागलं. तरी त्याचा टेम्पो सामानासाठी माळावर जायचा. दुकानात तारेची वेटोळी टांगली होती आणि डब्यात स्लीव्ह होते. संघरत्नाने एक उचलला. हलका, पांढरा.

"ॲल्युमिनियमचे आहेत हे."

"मांडवाला, कुंपणाला लागतात. तांब्याचे इकडं कोण घेणार? ते इंद्रजीतकाकांनी बाहेरून मागवलेले, शेडात असतात." मनोजने हात पुसले. "माझ्यावर येणार हे मला माहीत होतं, मॅडम. पण मी काकांवर चिडलो म्हणून महेंद्रचा जीव घेईन?"

"नाही घेणार. आणि तुमच्याकडे तांब्याचा स्लीव्ह नव्हता. मला दुसरंच विचारायचंय. त्या सकाळी मेघा कुठे होती?"

"इथंच. शेणव्यावरून पहिल्या गाडीनं थेट इथं आली. काकांचे विमानतळावरचे जुने साहेब लोक येणार होते, त्यांना माळावर न्यायला. त्यांची गाडी वाटेत बंद पडली, म्हणून ती माझ्या दुकानात बसून राहिली. मग मीच सगळ्यांना टेम्पोतून नेलं."

"म्हणजे त्या सकाळी ती शेडमध्ये गेलीच नाही?"

"आम्ही पोचलो तेव्हा इंजिन चालू होतं. महेंद्र पट्टे बांधून आत. मेघाने टेम्पोतून हात वर केला, त्याने पण केला. झालं, विमान सुटलंच."

संघरत्ना काउंटरला टेकली. इंद्रजीतने पोलिसांना सांगितलेलं तिला तोंडपाठ होतं. उजाडताना परीक्षा घेतली. मी रडर धरलं, मेघाने पेडल दाबलं. परीक्षा पास झाली. हे मेघापर्यंत अजून पोचलंही नव्हतं.

"आणखी एक. आदल्या संध्याकाळी शेडवर कोण होतं? दादा आणि मेघा तर शेणव्याला बारशाला होते."

मनोज जरा घुटमळला. "मी पेट्रोलचा डबा द्यायला गेलो होतो. दार आतून लावलेलं. हाक मारली तेव्हा बऱ्याच वेळाने उघडलं, तेही अर्धंच. डबा बाहेरच घेतला. बोलला, पप्पांनी कुणाला आत घ्यायचं नाय सांगितलंय."

"कोण बोललं?"

"महेंद्र. हात काळे झालेले त्याचे."

५

कल्याणच्या दवाखान्यात जिन्याखाली एक बाकडं होतं. इंद्रजीत तिथे बसला होता. वरच्या मजल्यावर महेंद्रच्या दोन्ही पायांना वजनं लावून ते वर बांधले होते. कंबरेपासून खाली त्याला हलवायचं नव्हतं. हवालदार यायला अजून अवकाश होता.

संघरत्ना त्याच्या शेजारी बसली. आजूबाजूला माणसं जात येत होती, म्हणून ती हळू बोलली.

"दादा, परीक्षा झालीच नाही."

त्याने खिशातला रुमाल काढून मान पुसली.

"मेघा त्या वेळी मुरबाडच्या स्टँडवर होती. एकट्याने ती परीक्षा घेता येत नाही. रडर धरायला मागे एक आणि पेडल दाबायला आत एक लागतो."

"महेंद्र उशिरा आला," इंद्रजीत म्हणाला. "वारा वाढत चालला होता. साहेब लोक कुठल्याही क्षणी पोचणार होते, दुपारी परत जाणार होते. त्यांच्यासमोर शेपूट धरून उभा राहू? आयुष्यभर त्यांनी माझ्याकडून नट आवळून घेतले, संघा. एकदा त्यांनी नुसतं बघत उभं राहावं, मी केलेलं. एवढंच वाटलं. मेघाच्या हातावर माझा विश्वास होता. तिने एकदा ताण देऊन बघितलेली तार होती."

"आणि महेंद्रला काय सांगितलंस?"

"झाली म्हणून. मेघाने पेडल दाबलं म्हणून."

"मग पोलिसांनाही तेच."

"एकदा बोललो ना. परत कसं फिरवू?" त्याने दोन्ही हातांनी डोकं धरलं. "मी घेतली असती तर शेडमध्येच सटकली असती तार. हे मला रोज दिसतं. पण दाबला तर तिनेच ना चुकीचा? तेवढं तरी तिचंच."

"नाही. तेवढंही तिचं नाही. तिचा फास कापून तिथे दुसरा केला होता, आदल्या संध्याकाळी."

इंद्रजीतने झटकन वर बघितलं. "मनोज. नाय तर तो देवजी. कुणी तरी मारायलाच..."

"मारायला नाही." संघरत्नाने पर्समधून, तारेवरून उतरवून आणलेली ती नळी काढून त्याच्या तळहातावर ठेवली. "नीट बघ. तुझा जन्म गेला यात. ज्याला माणूस मारायचाय तो तार आतून अशी कमजोर करील की जमिनीवर कळणार नाही आणि वर गेल्यावर तुटेल. इथं दांडे अर्धेच दाबलेत. पहिल्या जोराच्या लाथेला निघणार. तुझ्या परीक्षेत टिकायचा संबंधच नाही. लाल रेघ काढणं सोपं होतं, बाटली तिथंच पडलेली. तीही काढली नाही. टर्नबकलचे आटे उघडे ठेवले. हे लपवण्यासाठी केलेलं काम नाही, दादा. तुला दिसावं म्हणून केलंय. तू ओरडशील, आजचं रद्द म्हणशील, एवढ्यासाठी."

इंद्रजीतने नळी उजेडाकडे धरली.

"असं कुणाला पायजे होतं?" त्याने विचारलं. पण विचारतानाच तो जिन्याकडे बघायला लागला होता.

६

महेंद्र छताकडे बघत पडला होता. त्याच्या खाटेच्या दोन्ही बाजूंना लोखंडी कठडे होते आणि पायांची वजनं पलंगाच्या कडेवरून खाली लोंबत होती. त्याला कुशीवरही वळता येत नव्हतं. आत्या आणि पप्पा एकत्र आलेले बघून त्याने डोळे मिटले.

"तू देवजीच्या मांडीवर पडून एकच विचारत होतास," संघरत्ना म्हणाली. "परीक्षा झाली होती ना? तार सुटल्यावर माणूस ओरडेल, तार सुटली म्हणून. तू परीक्षेचं विचारलंस. कारण तुला माहीत होतं, त्या स्लीव्हवर ती परीक्षा पास होऊच शकत नाही. आणि तुला तर सांगितलं होतं, पास झाली."

महेंद्रच्या डोळ्यांच्या कडेने पाणी कानाकडे वाहायला लागलं. ते पुसायला त्याने हात उचलला नाही.

"मेघाचं नाव घेणार आहेत," ती म्हणाली. "आज."

"माहीत आहे." त्याचा आवाज अगदी बारीक होता. "रोज ठरवतो सांगायचं. पप्पा येतात, खुर्चीत बसतात, बोलतात, तू बरा झालास का परत बांधू. मग मला बोलता येत नाय."

इंद्रजीत पलंगाच्या पायथ्याशी उभा होता.

"मी कामावरून लवकर निघालो," महेंद्र म्हणाला. "घरी सांगितलं, दुसरी पाळी आहे. शेडात गेलो. स्वतः तार कापली, स्वतः स्लीव्ह दाबला, अर्धा. मला वाटलं सकाळी पप्पा रडर धरतील, मी पेडल दाबीन, तार निघेल. पप्पा चिडतील. मेघाला बोलतील, मग मी सांगीन, मी शिकायला म्हणून करून बघितला, माझा चुकला. निदान उडायचं काही महिने पुढं जाईल. मी मुद्दाम उशिरा गेलो. वाटलं, तेवढ्यात उघडकीला आलं तरी बरं, मला दाबायला नको. गेलो तर पप्पा बोलले, परीक्षा झाली. मेघाने दाबलं."

"मग तू काय समजलास?"

"समजलो, मेघाला सापडला. तिने काढून नवीन केला आणि मला वाचवायला पप्पांना सांगितलं नाय. ती तसंच करते. आणखी काय समजणार? तो स्लीव्ह पास होणं शक्यच नव्हतं. मला मागे वळून बघता येत नव्हतं. पट्टे बांधलेले, पेडल खाली खोल. पाय हलवून बघितले, रडर वळत होतं. मागे धरायला कुणी नव्हतं. मग टेम्पो आला. मेघाने हात वर केला." तो थांबला. "मला वाटलं ती सांगतेय, मी केलंय नीट, जा."

बाहेर कॉरिडॉरमध्ये एक ट्रॉली खडखडत गेली.

"तुला उडायचं नव्हतं," इंद्रजीत म्हणाला. प्रश्न नव्हता तो. तरी त्याला उत्तर हवं होतं.

"नाय."

"कधीच?"

"उंचीवर गेलो का माझा श्वास बंद होतो, पप्पा. माहुलीच्या गडावर सहलीला नेलेलं शाळेने, तेव्हापासून."

"मला सांगायचंस ना रे."

महेंद्रने पहिल्यांदा बापाकडे सरळ बघितलं. "कधी?"

इंद्रजीतने तोंड उघडलं. त्याला बहुधा एखादा दिवस सांगायचा होता, एखादी संध्याकाळ, जेव्हा मुलगा सहज येऊन बोलू शकला असता. तो आठवत राहिला. संघरत्ना बाजूला उभी राहून त्याला आठवताना बघत होती. काही सापडलं नाही. त्याने पलंगाचा कठडा धरला आणि हळूहळू खाली खुर्चीत बसला.

जरा वेळाने दारात हवालदार उभा राहिला. कागद आणि पेन घेऊन, थोडा संकोचून. "मॅडम, तुमचं तपासून झालं काय? मुलीचं कसं काय लिहायचं?"

संघरत्ना बोलायच्या आधी महेंद्रने हात वर केला. "माझं लिहा. मुलीचा संबंध नाय. तो स्लीव्ह मी..."

"थांब," इंद्रजीत म्हणाला.

संघरत्नाला वाटलं, आताही हा ते वाक्य झाकणार. इतकं सगळं ऐकल्यावरही. तिने पुढे पाऊल टाकलं.

इंद्रजीतने हवालदाराला हाताने खुर्ची दाखवली आणि स्वतः उठून उभा राहिला, साहेबांसमोर उभा राहायचा तसा, हात अंगाला लावून.

"आधी माझं लिहून घ्या. विमान माझं. ते हलवायच्या आधी तारेची परीक्षा घ्यायची जबाबदारी माझी. मी ती घेतली नाय. घेतली असं चालवणाऱ्याला खोटं सांगितलं. नंतर तुम्हाला पण तेच सांगितलं. माझी मुलगी तिथं नव्हती. तिने केलेल्या कामात दोष नाय. हे झालं का मग याचं लिहा. त्याला पूर्ण बोलू द्या. मी मध्ये बोलणार नाय."

हवालदाराने एकदा संघरत्नाकडे बघितलं. तिने मान हलवली. तो लिहायला लागला.

ती कॉरिडॉरमध्ये आली आणि शेणव्याला फोन लावला. मेघाने लगेच उचलला, जणू हातातच धरून बसली होती. संघरत्नाने सगळं सांगितलं, काही न गाळता.

"भाऊला शिक्षा होईल?" मेघाने विचारलं.

"काही तरी होईल. दादालाही. किती ते मला नाही सांगता येणार."

"आणि मी?"

"तू मोकळी आहेस. सामान भर. तालुका सोडायला तुला कुणी अडवणार नाही."

पलीकडे कडी काढल्याचा आवाज आला, दार करकरलं, आणि पाठोपाठ रस्त्यावरची रिक्षा, कुत्रं, कुणाची तरी हाक असे आवाज फोनमध्ये शिरले.

"आत्या," ती म्हणाली, "मी आधी तिकडंच येते. भाऊला सांग, मी हात वर केला तो नुसता टाटा करायला केला होता." तिने रिक्षाला हाक मारली. "नको. तू सांगू नको. मी येऊन सांगते."